तीन प्रिंटर आणि बिनपडद्याचा मी

मी एक जुना कॉम्प्युटर आहे, मित्रांनो, आणि माझा जन्म

थांबा हं. एक बिल आलंय. ते आधी जाऊ द्या.

टर्रर्र, टर्रर्र, टर्र.

हां. तर माझा जन्म एका दुकानाच्या टेबलावर झाला. कुठून डबा आला, कुठून पंखा, कुठून तारा, आणि एका स्क्रू-ड्रायव्हरने त्या सगळ्यांना जोडून मला केलं. अंधेरीच्या एका ट्रॅव्हल एजन्सीत मी कामाला लागलो. लोक माझ्यासमोर बसून तिकिटं काढायचे आणि म्हणायचे, "काय फास्ट आहे रे हा!" दसऱ्याला मला झेंडूचा हार मिळायचा. पुढे सडपातळ लॅपटॉप आले. माझा कीबोर्ड एकाने नेला, माऊस दुसऱ्याने. आणि माझा पडदा कुणी नेला, हे मला

लेबलं! एक अख्खा रोल!

सर्रर्रर्र.

माफ करा. माझं आता असंच चालतं. बोलता बोलता काम येतं.

तर, पडदा गेला. मी कोपऱ्यात पडून राहिलो. माझ्यावर कुणीतरी चपला ठेवायचं. एजन्सी बंद झाली, तेव्हा तिथेच नोकरी करणारी रुचिरा मला रिक्षात मांडीवर घेऊन मरोळला आली. तिथल्या औद्योगिक वसाहतीत तिच्या आईचा, वनमालाताईंचा, मसाल्याचा गाळा आहे. आत मिरची दळतात, बाहेरच्या खोलीत पाकिटं भरतात.

त्या खोलीत तीन प्रिंटर होते आणि तिघांची तोंडं तीन दिशांना. बिलं छापणारा थोरला, त्याची रुंद केबल नव्या लॅपटॉपला लागतच नव्हती. पत्रकं छापणारा मधला, तो चालला तर चालला. आणि लेबलं छापणारा धाकटा. एकाची केबल काढायची, दुसऱ्याची लावायची, यात सगळ्यांचा जीव जायचा. रुचिराने तिघांच्या केबली मला जोडल्या. आता लॅपटॉप कुणाचाही असो, काम माझ्याकडे येतं. मी त्याला रांगेत उभं करतो आणि ज्याचं त्याला देतो. माझ्यासमोर कुणाला बसावं लागत नाही. पडदा लागत नाही. मी टेबलाखाली बसून तीन तोंडांनी बोलतो! मित्रांनो, इतका आनंद मला हार घालूनही झाला नव्हता.

आता त्या दिवसाचं सांगतो.

मुलुंडच्या प्रदर्शनात वनमालाताईंना पहिल्यांदाच स्वतःचा स्टॉल मिळाला होता. इतकी वर्षं मसाला त्यांचा आणि पाकिटावर नाव दुसऱ्याच कुणाचं, असं चालायचं. या वेळी लेबलावर छापायचं होतं, "वनमाला मसाले". बिनलेबलाचं पाकीट प्रदर्शनात ठेवू देणार नव्हते. टेम्पो संध्याकाळी येणार होता. पाकिटं भरून तयार होती, लेबलं अर्धीअधिक बाकी.

वनमालाताईंचे सासरे भिकाजी पाकिटांची तोंडं बंद करत होते. पूर्वी ते गिरणीत होते. हात रिकामे ठेवणं त्यांना जमत नाही. पाकिटं बंद करायचं मशीन टेबलाजवळ आणलं तर काम भराभर होईल, असं त्यांना वाटलं. पण तिथला प्लग माझा होता. त्यांनी वाकून माझ्याकडे पाहिलं.

"ना पडदो, ना बटणां. ह्यो खोको नुसतो बसान वीज खाता!"

आणि त्यांनी


 


इथे माझ्या गोष्टीत भोक आहे. मी बंद होतो. पुढचं मी नंतर ऐकलं. रुचिराने ते येईल त्याला इतक्यांदा सांगितलं की मला पाठ झालं.

तिन्ही प्रिंटर एकदम गप्प. रुचिराने लॅपटॉपवर छापायचं बटण दाबलं. परत दाबलं. दाबतच राहिली.

"काय यार! तिघांनी मिळून संप केला काय?"

"संप?" भिकाजींनी मान वर केली. "मागण्यो काय आसत तेंच्यो?"

"आजोबा, हसवू नका हं आत्ता!"

तिने प्रिंटर उघडले, हलवले, कागद बदलले. वनमालाताई मिरचीने लाल झालेले हात घेऊन बाहेर आल्या.

"रुचिरा, टेम्पोवाला निघाला गं. हाताने लिहू का लेबलं?"

"आई, एवढ्या पाकिटांवर?"

"मग काय करू? परत दुसऱ्याचं नाव लावू?"

रुचिरा खाली बसली, आणि तिला माझ्या जागी लावलेला मशीनचा प्लग दिसला.

"आजोबा! कॉम्प्युटर कुणी बंद केला?"

"कॉम्प्युटर? तो बघ टेबलार." भिकाजींनी लॅपटॉप दाखवला. "तू म्हटलंस हात लावूक नको, म्हणान सकाळधरना मी तेच्यावर माशी बसूक दिलंय नाय."

माझा प्लग परत लागला. मी जागा झालो. पण माझ्या पोटातली बटणाएवढी बॅटरी केव्हाच मेलेली. प्लग लावलेला होता तोवर कळलं नाही. तो निघाला आणि कीबोर्डशिवाय सुरू व्हायचं, हे रुचिराने शिकवलेलं मी विसरलो. मी विचारलं, "कीबोर्ड कुठाय? एक कळ दाबा, म्हणजे मी पुढे जातो." हे मी पडद्यावर लिहिलं.

आणि पडदा नव्हता.

मग मी माझ्याकडे होता तेवढा आवाज काढला. बीप.

भिकाजी खाली बसले, कान माझ्याजवळ नेला. "रुचिरा, ह्यो हाक मारता गो."

"बोंबलतोय तो! त्याला कीबोर्ड हवाय!"

ती शेजारच्या गाळ्यात धावली. तिथे दत्ताराम रबरी गॅस्केट बनवतात.

"अगं, माझं बिल अर्धं राहिलंय!"

"दत्तारामकाका, आत्ता आणून देते, आईशप्पथ!"

तेलकट कीबोर्ड मला लागला. रुचिराने एफ-वनची कळ दाबली.

आणि मित्रांनो! तिने मघापासून जितक्यांदा बटण दाबलं होतं, ती सगळी कामं एकदम माझ्या दारात आली. ढकलाढकली नको, म्हटलं, रांगेत या. थोरला टर्रर्र, मधला घूंऽऽ, धाकटा सर्रर्रर्र! भिकाजी लेबलं सोलून देत होते, वनमालाताई चिकटवत होत्या. टेम्पोवाल्याने दोनदा हॉर्न मारला, मग आत येऊन म्हणाला, "सरकवा इकडे एक रोल, ताई." शेवटी दत्तारामही कीबोर्ड मागायला आले आणि लेबलं लावत बसले. बिलं इतकी निघाली की जमिनीवर पाय ठेवायला जागा उरली नाही.

टेम्पो गेला. वनमालाताईंनी एक पाकीट मागे ठेवलं होतं. तोंड नीट बंद झालंय का ते बघतेय, असं म्हणत त्या बराच वेळ त्यावरचं नाव वाचत होत्या.

दुसऱ्या दिवशी मला नवी बॅटरी मिळाली. पंख्यातली मिरची ब्रशने झाडली, तेव्हा खोलीत सगळे मिळून शिंकले.

मित्रांनो, तुमच्याकडेही कुणी असा बसलेला असेल. त्याचा पडदा गेला असेल, समोर कुणी बसत नसेल. पण काय सांगावं, घरातली निम्मी कामं त्याच्यातूनच पुढे जात असतील. प्लग काढण्याआधी एकदा वाकून कान लावा.

आणि जास्तीची छापली गेलेली लेबलं? त्यातलं एक भिकाजींनी माझ्या कपाळावर लावलंय. वर मोठ्या अक्षरांत "वनमाला मसाले". त्याखाली त्यांनी पेनाने लिहिलंय, "हा चालू आहे." आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरांत, "ओल व उन्हापासून जपावे."

मी वेगळी विनंती काय करू? छापूनच आलीय.