कोरं यंत्र

"चेची, कच्चा आहे गं तो इन्स्टॉलर अजून. महिनाभर थांब," सजीश म्हणाला. मेमरी कार्ड हातात घेऊन तो नुसताच बसला होता.

"लग्न करताना तू तरी कुठे पिकला होतास?" ओमनाचेची म्हणाली. "माझी बोटं थांबतायत का महिनाभर, ते विचार आधी. घाल ते."

ओमनाचेची माझी नणंद, सजीशची थोरली बहीण; चेची म्हणजे ताई. स्नायू झिजण्याच्या आजारात तिचा उजवा हात पुरता गेला होता. डाव्याची तीन बोटं उरली होती. तिच्या गेम कन्सोलमध्ये नऊ वर्षं जपलेलं एक शेत होतं. पायांत बळ होतं तेव्हा सुरू केलेलं. पुढे ती चाकाच्या खुर्चीत बसली, तरी त्या शेतातली ओमना बांधावरून धावतच होती. आता मात्र दोन हातांची बटणं जमेनात. सगळी बटणं एका हाताखाली आणायची तर कन्सोलमध्ये बाहेरचा प्रोग्रॅम बसवायला हवा. तो बसवणारा इन्स्टॉलर सजीश आणि त्याचे देशोदेशीचे हौशी सोबती मिळून लिहीत होते. फुकट, कुणालाही उघडून वाचता येईल असा. पाच जणांनी आपापल्या यंत्रावर तपासला होता. पाचही वेळा चालला होता.

रविवारची दुपार होती, घरात अजून मत्ती माशाच्या कालवणाचा वास होता. आमची तान्ही मिन्नू माझ्या मांडीवर दूध पीत होती. सजीशनं आधी शेताची नक्कल कार्डावर उतरवून मला दाखवली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. मग त्यानं बटण दाबलं. पडद्यावरची पट्टी निम्म्यापर्यंत गेली. पडदा काळा झाला आणि काळाच राहिला.

सजीश पुन्हा पुन्हा सुरू करून बघत होता. नक्कल आहे ना, असं मी विचारलं. त्यानं कार्ड लॅपटॉपला लावलं आणि त्याचा चेहरा उतरला. नक्कल होती, पण कुलूपबंद. चावी कन्सोलच्या पोटात असते. तपासणाऱ्या पाचही जणांची यंत्रं बाहेरचे प्रोग्रॅम चालावेत म्हणून पूर्वीच कधीतरी उघडलेली, चावी तेव्हाच काढून ठेवलेली. असल्या हौशी माणसाकडे न उघडलेलं यंत्र असतंच कुठे? चावी काढायची पायरी लिहायचं कुणाला सुचलंच नव्हतं. चेचीचं यंत्र पहिलंच कोरं. चावी आत राहिली होती, आणि आत जायची वाटच उरली नव्हती.

त्यानं हे सगळं जमिनीकडे बघत सांगितलं. मिन्नू पिता पिता कधी झोपली, मला कळलंही नाही.

"आणखी कुणी उतरवून घेतला असेल हा इन्स्टॉलर?" चेचीनं विचारलं.

सकाळपासून चाळीस जणांनी, सजीश म्हणाला.

"मग माझ्या तोंडाकडे काय बघतोस? कळव त्यांना."

तो अजून कन्सोलचं बटणच दाबून बघत होता. शेवटी तिनंच लॅपटॉप आपल्या मांडीवर ठेवायला लावला. तीन बोटांनी एकेक अक्षर वेचत तिनं त्याच्या सोबत्यांना चार ओळी लिहिल्या: काय केलं, कुठे अडलं, आधी न उघडलेल्या यंत्रावर वापरू नये. त्यात शेताचं नाव नव्हतं.

कुठल्या देशातून कोण जाणे, लगेच उत्तर आलं. इन्स्टॉलर मागे घेतला होता, आभार मानले होते. खाली एक प्रश्न होता: तुमचं काही गेलं का?

चेचीचं बोट बटणावर नुसतंच टेकून राहिलं. मग तिनं 'नाही' असं लिहिलं आणि लॅपटॉपचं झाकण मिटायला घेतलं. तीन बोटांना ते जड जात होतं. सजीश उठू लागला, तशी तिनं मान हलवली. आम्ही दोघं बसून राहिलो, आणि झाकण अगदी हळूहळू खाली आलं.