सामान बांधा

कर्नलची बायको त्याला हवालदार समजू लागली, त्याला आता बरेच महिने झाले होते.

सुरुवातीला त्याने ते हसण्यावारी नेलं. "अगं, मी उभ्या जन्मात हवालदार नव्हतो. थेट अधिकारी म्हणूनच लागलो," असं सांगून पाहिलं. ती म्हणाली, "असं होय? बघते, साहेबांच्या कानावर घालते तुमच्या बढतीचं." आणि त्याने केलेला चहा मान किंचित झुकवून, परक्या माणसाकडून घ्यावा तसा घेतला. हा किस्सा लेकीला फोनवर सांगताना तो पोट धरून हसला. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

नोकरीत असताना तो घरात फारसा नसायचाच, आणि असला की घाईत असायचा. कुठे जरा बूड टेकतंय तोवर बदली व्हायची. हुकूम हातात पडला की तो दारातूनच आवाज टाकायचा, "सामान बांधा!" कवायतीच्या मैदानावर शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज. घरात शिरताना तो बाहेर ठेवून यावा, हे त्याला कधी सुचलं नाही. बायकोने कधी ब्र काढला नाही. तिने भांडी वर्तमानपत्रात गुंडाळली, पडदे उतरवले, मैत्रिणीच्या गळ्यात पडून रडणाऱ्या लेकीला ओढून गाडीत बसवलं. नव्या घरात ते पडदे आखूड पडले की खालून दुसऱ्या रंगाची पट्टी जोडली. तिच्या पडद्यांवरून बाकीच्या अधिकाऱ्यांच्या बायका तिची थट्टा करायच्या आणि तीही हसायची.

निवृत्त झाल्यावर त्याने स्वतःचं घर घेतलं आणि तिला शब्द दिला, "आता इथून हलायचं नाही." त्या घरात तो हळू बोलायला शिकला. भाजी चिरायला शिकला, तिची गुडघेदुखी कुठून सुरू होते ते शिकला. उशिरा का होईना, त्याने नवरा व्हायचं मनावर घेतलं होतं. नेमकं तेव्हाच तिचं विसरणं सुरू झालं.

त्याला आता एकच हवं होतं. तिने एकदा त्याला ओळखावं, पूर्वीसारखं "अहो" म्हणावं. गोळ्या देताना, केस विंचरून देताना तो जीव कानात आणून वाट बघायचा.

"हवालदार, साहेब कुठे राहिले?"

"येतील, मॅडम."

"हं. येतील म्हणे. तुम्हीही त्यांचीच बाजू घ्या."

पुढे ती ट्रक शोधायला बाहेर पडू लागली. सामानाचा ट्रक आपल्याला सोडून पुढे गेला, असं तिच्या मनाने घेतलं होतं. भर रहदारीत मध्यभागी उभी राहून ती येणाऱ्या गाड्यांना हात करायची. एकदा एक गाडी तिच्या पदरापासून वीतभर अंतरावर करकचून थांबली. कर्नल फाटकाशीच होता, पण त्याच्या गुडघ्यांनी पळणं केव्हाच सोडलं होतं. चालकाने खिडकीतून तोंड काढून विचारलं, "आजोबा, घरात माणसं नाहीत का सांभाळायला?"

"बाबा, आता पुरे," लेक म्हणाली. "जिथे दारावर माणूस असतो, अशा ठिकाणी ठेवू तिला. तुम्ही काय तिच्या आधी जायचं ठरवलंय का?" त्याला राहून राहून तिला दिलेला शब्द आठवायचा. शेवटी तो हो म्हणाला.

न्यायच्या दिवशी लेक सकाळीच गाडी घेऊन आली. आई खुर्चीचे हात घट्ट धरून बसलेली. "मी येणार नाही." गोड बोलून झालं, विनवण्या झाल्या. घोडं तिथेच अडलं.

लेक कुजबुजली, "बाबा, बदली झाली म्हणा. बदलीला ती कधी नाही म्हणाली नाही."

तो कसाबसा गुडघ्यावर बसला. हळूच म्हणाला, "मॅडम, बदली झाली आहे."

"तुमची झाली असेल, हवालदार. तुम्ही जा." मग तिने आवाज खाली आणला. "साहेबांना सांगा, मला आता नाही होत. कधीच होत नव्हतं. नाहीतर नकाच सांगू, ओरडतील उगाच."

कर्नल उठला. दारापर्यंत गेला, वळला, आणि छातीत होता नव्हता तो सगळा जोर एकवटून ओरडला, "सामान बांधा!"

लेकीच्या हातातली किल्ली खाली पडली. बायको मात्र ताडकन उभी राहिली.

"अहो, ओरडता कशाला? ऐकू येतं मला." तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्याकडेच. "किती वाळलात! तिकडे जेवायला घालत नाहीत का?"

"अगं..." तो कसाबसा पुटपुटला.

त्या हळू आवाजासरशी तिची नजर विझली. "हवालदार, बॅगा माळ्यावर आहेत," ती म्हणाली आणि कपाटाकडे वळली.

नव्या ठिकाणची खोली स्वच्छ होती. एक कॉट, एक कपाट, न उघडणारी खिडकी. तिने सराईतपणे घर लावलं. कपडे फळीवर रचले, चादर अंथरली, उशी थोपटली. लेक खाली डॉक्टरांशी बोलायला गेली. परिचारिका डोकावून म्हणाली, "काका, आवरा आता. त्यांना रुळू द्या."

त्याने खरं तर तेव्हाच निघायला हवं होतं. पण त्याचं मन अजून सकाळच्या त्या "अहो"तच अडकलं होतं. इतक्या महिन्यांत ते एकदाच मिळालं, आणि तेही नीट ऐकून घ्यायच्या आत गेलं. अजून एकदाच, त्याला वाटलं. तिने ओळखलं की निरोप घेऊ आणि जाऊ. तो दारात उभा राहिला. तिला म्हणून दुसरा कुठला हुकूम त्याने कधी दिलाच नव्हता. तोंडून निघाला तो तोच.

ती दचकून वळली. "अहो," ती म्हणाली. तिचा चेहरा पडला. "आत्ताच तर लावलं सगळं. श्वास तरी घेऊ द्या."

आणि ती मुकाट्याने फळीवरचे कपडे खाली काढू लागली.

"अगं, नको. राहू दे," तो म्हणाला. "चुकलं माझं. कुठेही जायचं नाही." तो तिच्या मागे मागे फिरत हे सांगत होता, हात जोडून, हळू आवाजात. तिने तिकडे लक्षच दिलं नाही. कॉटवरची चादर ओढून तिने एक टोक त्याच्यापुढे धरलं.

"बघत काय उभे राहिलात? धरा."

त्याने धरलं. दोघांनी मिळून चादरीची घडी घातली. तिने ती बॅगेत ठेवली, आणि वाकून उशीचा अभ्रा काढायला घेतला.