इसोबेच्या विमानाखाली

कुरामोचीच्या विमानाचा मेकॅनिक मीच होतो. रबाऊलच्या आमच्या जपानी नौदल तळावर त्याच्याइतका तोंडाळ वैमानिक दुसरा नव्हता. त्या दिवशी बॉम्बफेकी विमानांच्या राखणीला गेलेल्या आमच्या नऊ झिरो लढाऊ विमानांपैकी सातच परतली. कुरामोची आणि त्याचा जोडीदार इसोबे मागे राहिले होते.

पुढचं मला इसोबेनं दवाखान्यात सांगितलं. ग्रमन या अमेरिकन लढाऊ विमानाची एक फैर त्याच्या मांडीतून आणि पेट्रोलच्या टाकीतून आरपार गेली. परतणं जमणार नसेल तर शत्रूच्या जहाजावर आदळायचं, असा वैमानिकांना हुकूम होता. इसोबेनं हात हलवून निरोप घेतला आणि विमानाचं नाक खाली केलं. पण खाली वाटच नव्हती. कुरामोचीनं आपलं विमान नेमकं त्याच्या पोटाखाली आणलं होतं. इसोबे डावीकडे सरकला, तर तोही डावीकडे. वर मूठ उगारून तो तळाची दिशा दाखवत होता. शेवटी इसोबे वैतागून माघारी वळला.

तेवढ्यात मागून दोन ग्रमन आली. कुरामोचीकडची एकूणएक गोळी संपली होती. तरी तो गर्रकन फिरला आणि समोरासमोर थेट पहिल्याच्या अंगावर गेला. टक्कर होणार असं वाटलं तेव्हा तो अमेरिकन बाजूला झाला. असं त्यानं तीनदा केलं. तोवर इसोबे ढगांत शिरला होता.

दोघंही उतरले. इसोबेचं इंजिन धावपट्टीवरच बंद पडलं.

तुकडीप्रमुख हातानोसाहेबांनी कुरामोचीला सगळ्यांसमोर उभं केलं. कर्तव्याच्या आड का आलास, म्हणून दोन थोबाडीत दिल्या. ओठ फुटला.

कुरामोची ताठ उभा राहून म्हणाला, "साहेब, मेलेला वैमानिक पुन्हा उडत नाही. हा उडेल."

"पुन्हा असं केलंस तर?"

"तर पुन्हा मार खाईन, साहेब."

दुसऱ्या दिवशी माणसं कमी पडली, तेव्हा पहिलं नाव त्याचंच पुकारलं. पट्टे आवळताना त्यानं मला विचारलं, "हुकूम बदलला का रे?"

मी नाही म्हणालो.

"बरं. मीपण नाही बदललो."

नोव्हेंबरात तो समुद्रात पडला. तोवर त्यानं आणखी दोन पोरांना असंच हाकत परत आणलं होतं. दोन्ही वेळा मार खाल्ला.