औषध बाधलं

"वडील कसलं विष हाताळायचे का?" असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा मीनाक्षी ठामपणे नाही म्हणाली होती. विष कसलं? अण्णा ढेकणांचं औषध मारायचे. डिलाईल रोडच्या चाळींतून पाठीवर पंप घेऊन फिरायचे, आणि बायका एकमेकींना हाका मारायच्या, "औषधवाले आले गो, हंडे झाका." घरात तो शब्द इतका मुरला होता, की अण्णा हात न धुता भाकरी मोडायचे तरी कुणाला काही वाटत नसे.

मग अण्णांचे हात कापू लागले. लाळ गळू लागली. शेवटी शेवटी ते मीनाक्षीलाही ओळखेनात. धाकट्या रमाकांतचं नाव तेवढं तोंडात राहिलं. संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात तो तुरुंगात गेला, तेव्हापासून त्यांची झोपच उडाली होती. गॅलरीत पाऊल वाजलं की "रमा आला" म्हणत धडपडून उठायचे. उशाशी मीनाक्षी बसलेली असायची.

अण्णा गेले आणि रमाकांत सुटला. सुतक म्हणून हार नव्हते, पण चाळ लोटली ती त्यालाच भेटायला.

तेराव्याला अण्णांचा जोडीदार विठोबा आला. माणूस ठणठणीत. मीनाक्षीला त्याच्या न कापणाऱ्या हातांकडे बघवेना.

"एकाच डब्यातलं औषध मारलं आम्ही," तो म्हणाला. "माका साधो खोकलो नाय. तुमच्या अण्णांकच कसा बाधला?"

रमाकांतने मान वर केली. "ताई, डॉक्टर काय म्हणाले?"

डॉक्टर म्हणाले होते, खात्रीने सांगता येत नाही. पण रक्तातलं विष मेंदूत शिरू नये म्हणून एक आडोसा असतो. माणूस फार दिवस धसक्यात राहिला, तर तो आडोसा कच्चा पडत असावा, असा त्यांना संशय होता.

ते तिच्या ओठांवर आलं. सांगून टाकावं आणि याची मान कायमची खाली जावी. पण लगेच तिला पुढचं दिसलं. आई पदर डोळ्यांना लावून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगणार, लेकाच्या काळजीनं गेले हो. म्हणजे अण्णांचं मरणही रमाकांतच्याच वाट्याला. मीनाक्षी शाळेत शिकवत होती, वेळेवर घरी येत होती. तिच्यासाठी अण्णा एक रात्रही कधी जागले नव्हते.

"औषध बाधलं म्हणाले," ती म्हणाली. "विठोबाकाका, तुम्ही हात धुता, अण्णा धूत नसत. एवढंच."

"एवढंच?" रमाकांतने विचारलं.

"एवढंच."

तो गुडघ्यांत डोकं घालून रडला. "मला वाटत होतं, माझ्यामुळे..."

मग तो पानावर बसला. आई हळूच म्हणाली, "मीने, घरी आल्यापासून आज नीट जेवतोय बघ."

मीनाक्षी वाढत राहिली. अण्णांच्या काळजीचं गुपित आता तिच्या एकटीजवळ होतं, आणि ती काळजी तिच्यासाठी नव्हती.