चौदा दिवसांचे दोरे

देवघरातल्या तबकाखाली हात घालून ज्योत्स्नाने दुसऱ्यांदा चाचपून पाहिलं. पिशवी होती, पण रिकामी.

"आत्या, यातले दोरे कुठं गेले?"

सासूबाई, मालनबाई, ओसरीवर शेवंतीचे देठ खुडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "हारांना लागले. रीळ संपलं व्हतं."

ज्योत्स्ना तिथंच खाली बसली. सकाळचे सात वाजले होते. साडेअकराला कॉलेज रोडच्या दवाखान्यात नंबर होता, आणि तिथं न्यायची एकुलती एक गोष्ट नाहीशी झाली होती.

सृष्टी, तिची लेक, सात वर्षांची. बोलत नव्हती. मनाविरुद्ध काही घडलं, किंवा काहीच न घडता, उजव्या अंगठ्याखाली कडकडून चावायची. तिथली कातडी टाचेसारखी जाड झाली होती. उन्हाळ्यात टाके पडले, आणि पंधरवड्यापूर्वी डॉक्टर मॅडमनी अर्धी गोळी सुरू केली. गोळीनं ऑटिझम जात नाही, हे त्यांनी तीनदा सांगितलं. चावणं कमी होतं का, एवढंच बघायचं. रोज किती वेळा चावते ते या चौदा चौकोनांच्या कागदावर मांडा, चौदा दिवसांनी गोळी वाढवायची की थांबवायची ते ठरवू.

कागद काही ज्योत्स्नाला जमेना. दिवसभर हात ओले आणि फुलांच्या चिकानं काळे. म्हणून रोज सकाळी ती हाराचा हातभर दोरा तोडून कमरेला खोचायची. पोर चावली की एक गाठ. दुपारी स्वतः मळ्यात तोडणीला गेली की दोरा सासूच्या हवाली. संध्याकाळी तो देवापुढे. पहिल्या दिवशी अकरा गाठी होत्या, कालच्या दोऱ्यात तीन. मधलं काही तिनं लक्षात ठेवलं नव्हतं. दोरे होते ना.

तेवढ्यात धनराज फूलबाजारातून परतला. रिकामे क्रेट त्यानं अंगणात टाकले.

"अहो, सकाळचे हार कुठं दिले?"

"कुठं म्हणजे? श्रावणी सोमवार आहे. देवळापाशी दिले. आत्तापर्यंत पिंडीवर पोचले असतील. का?"

तिनं सांगितलं. धनराज हातपाय धूत नुसता हसला. "बरं झालं. आता देवालाच मोजू दे."

"मग तिथं काय सांगायचं?"

"बंद करा म्हणून सांगायचं. ही आपली पोरगी राहिली का? झेंडूच्या सरीत बसून भुंग्यासारखी गुणगुणायची. मी रस्त्यावरून ओळखायचो, कुठल्या सरीत आहे ते. आता बसवलं तिथं बसते, पोत्यासारखी."

"आणि टाके पडले ते?"

"तुला शांत घर पाहिजे, दुसरं काय."

ज्योत्स्नाने दवाखान्याचा कागद पुढं ओढला. "हे कशानं झालं ते बघायला रक्त तपासायचं, ते पण विचारतील."

"ते नाय करायचं. कुणाच्या घराण्याचं निघालं, की जन्मभर तेच ऐकत बसा."

"तपासायला कशाला पाहिजे," ओसरीवरून आवाज आला, "पोटुशी असताना ग्रहणात शेवंती तोडत व्हती ही. मी माझ्या डोळ्यानं पाह्यलंय."

सात वर्षं ज्योत्स्ना हे वाक्य ऐकत आली होती, आणि ऐकून भाकरी थापत राहिली होती. आज तिच्या तोंडून हळूच निघून गेलं, "पाटी तुम्हीच दिली होती हातात, आत्या. ऑर्डर होती म्हणून."

मालनबाईंचे हात थांबले. देठ खुडायचा राहिला.

धनराजने खिशातलं पेन काढून कागदाशेजारी ठेवलं. "अंदाजे लिही आणि चल. कोण बघायला येतंय?"

ज्योत्स्नाने पहिल्या चौकोनात अकरा लिहिलं. ते खरं होतं. पुढं दहा, मग नऊ, असं तिनं मनात धरलं. जिना उतरावा तसे आकडे आपोआप खाली येत होते, आणि शेवटी तीन. इतकं सोपं होतं ते. तिनं दहाचा एक काढला आणि पेन अडखळलं.

सृष्टी खाटेखालून बाहेर आली होती. हातात हारांचं रीळ. पांढरं, भरलेलं. दोरा सोडत सोडत ती भिंतीकडे चालली होती.

ज्योत्स्नाने रिळाकडे पाहिलं, मग सासूकडे.

"लिहू नको बाई," मालनबाई म्हणाल्या. "लिवलं तर परत खोटंच व्हईल."

"परत म्हणजे?"

"दुपारच्या गाठी मी मारल्याच नाय." त्या सुपातल्या फुलांशी बोलल्यासारखं बोलत होत्या. "म्हटलं, गाठी कमी दिसल्या की त्या बाईला वाटंल पोरगी सुधारली, गोळी बंद करंल. आज पहाटं पूजेला बसले, आन् ती खोटी पिशवी देवापुढं. हात चालंना. म्हणून हारात ओवले. त्याचं त्याच्यापाशी गेलेलं बरं."

धनराज आईकडे पाहतच राहिला. ज्योत्स्नाला राग यायला हवा होता. तिनं वाट पाहिली, पण तोंडात आलं ते दुसरंच.

"गुरुवारी रिक्षात दोनदा चावली. दोरा कमरेलाच होता. मी पण नाही मारली गाठ."

"तू का नाय मारली?" धनराजने विचारलं.

"गोळी लागू पडतेय असं दिसलं, तर मॅडम चालू ठेवतील म्हणून."

एकीला गोळी बंद व्हायला हवी होती, दुसरीला चालू राहायला. दोरा मात्र दोघींनी सारखाच कोरा ठेवला होता.

दवाखान्यात जायला मालनबाई न सांगता तयार झाल्या, धुतलं लुगडं नेसून.

डॉक्टर मॅडमनी सगळं ऐकलं. कागदावरचा अकरा आणि अर्धवट एक बघितला. रागावल्या नाहीत, त्यानं उलट ज्योत्स्नाची मान आणखी खाली गेली.

"बाई," मालनबाईंनी मध्येच विचारलं, "ग्रहणात फुलं तोडली की असं व्हतं का?"

"नाही आजी. त्यानं नाही होत."

"मग कशानं?"

"एकाच कारणावर बोट ठेवता येत नाही. तपासणीत कधी काही सापडतं, बऱ्याचदा नाही सापडत. पण ती कुणाचा दोष काढायला नसते. घाई नाही, घरी बोला."

"पाटी मी दिली व्हती हिच्या हातात," मालनबाई म्हणाल्या. डॉक्टरांना त्यातलं काही कळलं नसावं. ज्योत्स्नाने सासूचा हात धरला नाही, पण आपला पदर त्यांच्या हाताखाली आला होता तो ओढूनही घेतला नाही.

धनराज खुर्चीच्या कडेला बसला होता. "मॅडम, ती गुणगुणायची. ते गेलं."

"कधीपासून? हे मला कुणी सांगितलंच नाही."

"तुम्ही चावणं मोजा म्हणालात."

डॉक्टर मॅडमनी कागद बाजूला ठेवला. "चूक माझी. तेही विचारायला हवं होतं. अजून चौदा दिवस अर्धीच गोळी द्या. मनानं बंद करू नका, वाढवूही नका. आणि दोन्ही मोजा. खरं मोजा."

दुसऱ्या दिवशी बाजारातून येताना धनराजने लाल दोऱ्याचं रीळ आणलं. चावली की पांढऱ्याला गाठ, गुणगुणली की लाल दोऱ्याला.

आज पाचवा दिवस. संध्याकाळ झाली, देवापुढे समई लागली. पांढऱ्या दोऱ्यात सहा गाठी होत्या. त्यातल्या दोन मालनबाईंच्या, जाड, घट्ट ओढलेल्या. धनराज मळ्यातून आला, चप्पल काढायच्या आधी त्यानं कोऱ्या लाल दोऱ्याकडे पाहिलं आणि मोरीकडे वळला.

सृष्टी उंबऱ्यावर बसून झेंडूच्या सरींकडे बघत होती. ओठ मिटलेले.

मालनबाईंनी लाल दोरा हातात घेतला. या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटं फिरवली. मधोमध आल्यावर बोटं थांबली, आणि दोऱ्याचा एक वेढा आपोआप वळला. दुधाचं भांडं हातात घेऊन ज्योत्स्ना दारात उभी राहून बघत होती.

नातीच्या पाठीकडे त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग त्यांनी वेढा सोडवला, मांडीवर तळहातानं दोरा सरळ केला आणि तसाच, बिनगाठीचा, देवापुढे ठेवला.