मेजरच्या काचेवरचा काळा कागद

मला किळस पटकन येते आणि ती लपवता येत नाही. दुधावरची साय, दुसऱ्याच्या कंगव्यातले केस, ओलं पायपुसणं, कुणी फुर्र करून प्यालेला चहा, काहीही पुरतं. नाक आपोआप वर जातं, ओठ वाकडा होतो आणि तोंडातून 'शी' निघून जातं. म्हणून वन्सं मला शीबाई म्हणतात.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही, तीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत बेडूक आणि बरण्या सांभाळल्या, आणि निवृत्त झाल्यावर कुणाला तरी नकोसा झालेला एक बिअर्डेड ड्रॅगन घरी घेऊन आल्या. ड्रॅगन कसला, हातभर लांबीचा सरडा. अंगावर काटे, पोट पसरट, हनुवटीखाली खरखरीत दाढी. ओंडक्यावर छाती काढून बसतो म्हणून त्याचं नाव मेजर ठेवलं. मी त्याला 'ते प्रकरण' म्हणते.

आमचं फोटो फ्रेमचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे कामाची खोली, वर घर. मेजरची काचेची पेटी कामाच्या खोलीत, माझ्या टेबलासमोरच. चार वर्षं मी ती सहन केली, कारण मधे वन्संची खुर्ची असायची. त्या पेटीकडे तोंड करून बसायच्या आणि त्यांची पाठ माझा पडदा व्हायची. मग त्यांच्या आतड्याचं ऑपरेशन झालं, खुर्ची रिकामी झाली आणि मी व ते प्रकरण समोरासमोर आलो.

खायला घालायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. आमच्या ह्यांचं बहिणीवर जिवापाड प्रेम, पण झुरळांचा डबा उघडला रे उघडला की ह्यांना गिऱ्हाईकाकडे फ्रेम पोचवायची आठवण येते. हो, झुरळांचाच डबा. घरात एक झुरळ दिसलं तर चप्पल घेऊन धावणारी मी, विकत आणलेल्या ऐंशी झुरळांना गाजर किसून घालत होते. दुसऱ्या डब्यात अळ्या. लांब चिमट्याने एकेक उचलायची, श्वास रोखायचा, पेटीत सोडायची. मेजर मान तिरकी करून बघायचा, मग जीभ बाहेर आणि कुर्रकन आवाज. तोंडाच्या कोपऱ्यातून झुरळाची एक तंगडी हलत राहायची. ती आत गेली की ओंडक्याला तोंड पुसायचा. हे बघून दोन दिवस मला दुपारचं जेवण गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी उपाय केला. फ्रेमच्या पाठीमागे लावतो तो जाड काळा कागद घेतला आणि पेटीच्या समोरच्या सरकत्या काचांना नि दोन्ही बाजूंना बाहेरून चिकटवला. मागची बाजू भिंतीला टेकलेली, तिथे वाळवंटाचं चित्र आधीच होतं. पंचवीस वर्षांचा हात आहे माझा, कोपरे काटकोनात, तसूभरही फट नाही. आत दिवा चालू, हवा वरच्या जाळीतून खेळती. त्याचं काही बिघडणार नव्हतं आणि मला ते तोंड दिसणार नव्हतं. त्या दुपारी मी पोटभर जेवले.

संध्याकाळी दवाखान्यात गेले. नर्सबाई वन्संच्या पोटावरची पिशवी बदलत होत्या. आतडं जुळून येईपर्यंत काही महिने शौच त्या पिशवीतच होणार होतं. वन्संचे हात थरथरतात, त्यामुळे घरी गेल्यावर ती कुणीतरी बदलायला हवी होती. "तुम्ही शिकून घ्या, सोपं आहे," नर्सबाई म्हणाल्या. मी मान डोलावली आणि खिडकीच्या पडद्याकडे बघत राहिले. पडद्यावर निळी फुलं होती, एका ओळीत अकरा. वास आला तेव्हा माझं नाक वर गेलं असणार. वन्संनी चादर ओढून घेतली.

दुसऱ्या दिवशी फोनवर म्हणाल्या, "इथून मी परस्पर शुश्रूषागृहातच जाईन म्हणते. पुढच्या शुक्रवारपर्यंत सांगायचंय त्यांना."

"कशाला? घर काय पळून गेलंय?"

"बरं असतं तिथे. त्यांना सवय असते." मग आवाज बदलून म्हणाल्या, "मेजर जेवला?"

"जेवला," मी म्हणाले.

मला टायफॉइड झाला होता तेव्हा या बाईने माझं सगळं केलं होतं. भांडं धरलं, चादरी धुतल्या, अंग पुसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, आणि त्या शेजारणीच्या सुनेची नक्कल करून मला हसवत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर किळसेची रेषही उमटली नाही. त्यांनी शुश्रूषागृहात जाऊ नये असं मला मनापासून वाटत होतं. पण पिशवी बदलीन असं तोंडातून निघत नव्हतं. स्वतःची लाज वाटत होती आणि तरी निघत नव्हतं.

इकडे मेजर बिघडला. आधी कागदामागून खर्र खर्र आवाज यायला लागला. दार सरकवून पाहिलं तर मागच्या दोन पायांवर उभा राहून बाजूची काच ओरबाडत होता. दाढी फुगलेली आणि कोळशासारखी काळी. जबडा वासलेला, आत पिवळट गुलाबी मांस. मला बघून हल्ला करतो की काय म्हणून मी दार लावून घेतलं. चार दिवसांनी आवाज थांबला. मला वाटलं, सुटलो. पण आता तो दगडाच्या कपारीत सपाट पडून होता. दिव्याखाली येईना, खाईना. टाकलेली झुरळं तशीच फिरत होती. एक त्याच्या डोक्यावर चढून डोळ्यापर्यंत आलं, मिशा हलवल्या, आणि मेजरने पापणीही लववली नाही. शी! शिसारी तर आलीच, पण त्याच्याबरोबर भीतीही वाटली.

फोन रोज अकराला यायचा. "मेजर जेवला?" "जेवला." "किती?" "चांगला हाणतोय." चौथ्यांदा खोटं बोलताना मला घाम फुटला. तो मेला असता तर वन्संना काय सांगायचं होतं? त्यांना वाटलंच असतं की या घरात आजारी जीव टिकत नाही.

शनिवारी त्याला बुटाच्या खोक्यात घालून प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. खोकं मी टॉवेलात गुंडाळून धरलं होतं आणि आतून नखं वाजली की दचकत होते. डॉक्टरांनी त्याला भाजीसारखा तराजूवर ठेवला. वन्संच्या वहीतल्या वजनापेक्षा साठ ग्रॅम कमी भरलं. तोंड उघडून पाहिलं, पोट चाचपलं, दिव्याची चौकशी केली.

"आजार काही दिसत नाही. हा घाबरलाय किंवा चिडलाय. पेटीत काही बदल केलात?"

"पेटीत? छे हो. एक दगडसुद्धा हलवला नाही."

"यांना बदल सोसत नाही. आठवून बघा. आठवडाभरात खाल्लं नाही तर सिरिंजने भरवावं लागेल."

मी आठवून बघितलं. वन्सं नाहीत हाच तेवढा बदल. आहे बिचारा त्यांच्या आठवणीने झुरत, असं ह्यांचंही मत पडलं. ह्यांनी डोळे पुसले आणि फ्रेम पोचवायला गेले.

मंगळवारी दुकानात एक आजी आल्या. त्यांच्या नवऱ्याचा मोठा फोटो मी महिन्यापूर्वी मढवून दिला होता, गडद सूट, मागे काळा पडदा. फ्रेम टेबलावर आपटून म्हणाल्या, "हे घ्या परत. खिडकीसमोर लावलाय. ह्यांना बघायला जावं तर माझंच थोबाड दिसतं! चाळीस वर्षं भांडले त्या माणसाशी, आता स्वतःशी भांडू?"

हे मी शंभर गिऱ्हाइकांना समजावलेलं आहे, झोपेतही सांगेन. "आजी, त्याचं असं असतं, काचेच्या मागे काळं असलं आणि समोरून उजेड पडला ना, की काचेचा आरसा..."

मी मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

"काय झालं?" आजींनी विचारलं.

"बसा जरा," म्हणाले आणि मागच्या खोलीत धावले.

समोरची काच सरकवली. मेजर कपारीत पडलेला. त्याला काय दिसतं ते बघायचं तर डोकं आत घालावं लागणार होतं, दुसरा मार्ग नव्हता. नाक दाबलं आणि घातलं. आत गरम हवा, सुकलेल्या पाल्याचा नि विष्ठेचा वास, मनगटाशी एक झुरळ. ओकारी वर आली. दिव्याचा उजेड तोंडावर पडला होता आणि बाजूच्या काळ्या काचेत लख्ख दिसत होता एक चेहरा. नाक वर गेलेलं, ओठ वाकडा, डोळे अर्धे मिटलेले, कपाळावर आठ्या.

ती मी होते. आजवर तो चेहरा मी कधी पाहिलाच नव्हता, कारण आरशासमोर मला किळस येत नाही. लोक मात्र पाहत आले होते. त्या दिवशी दवाखान्यात वन्संनी पाहिला होता आणि चादर ओढून घेतली होती.

मेजरला त्या काचांमध्ये मी नाही, दुसरा मेजर दिसत होता. डावीकडे एक, उजवीकडे एक, समोर एक. हा दाढी फुगवायचा, तेही फुगवायचे. हा जबडा वासायचा, तेही वासायचे. दहा-अकरा दिवस बिचारा तीन शत्रूंशी लढला होता आणि हरून कपारीत शिरला होता. पंचवीस वर्षं काचेत घालवलेल्या बाईने स्वतःच्या हातांनी, काटकोनात, त्याच्यासाठी आरसेमहाल बांधला होता.

कागद टराटरा फाडले. चिकटपट्टीचे डाग ओल्या फडक्याने पुसले. मग बाहेर जाऊन आजींना चकाकी नसलेली काच बसवून दिली, वर एक खिळा फुकट दिला.

आता ते तोंड पुन्हा माझ्यासमोर होतं. मी वन्संची खुर्ची पेटीजवळ ओढली आणि त्यांच्यासारखी तिकडे तोंड करून बसले. दाढीचा काळेपणा संध्याकाळपर्यंत उतरला. बुधवारी तो दिव्याखाली आला. पण खाईना. चिमट्याने अळी धरली की मान फिरवायचा. गुरुवारीही तेच. मला आठवलं, वन्संच्या हातात कधी चिमटा नसायचा.

शुक्रवारी सकाळी मी डब्यातून एक अळी उचलली. बोटांनी. ती मऊ होती, थंड होती आणि वळवळत होती. सगळ्या अंगावर काटा आला, डोळ्यांत पाणी आलं, 'शी शी शी' असा जप चालू होता. तरी हात आत धरून ठेवला. मेजरने मान तिरकी केली. एक डोळा माझ्याकडे, एक अळीकडे. बराच वेळ विचार केला. मग जीभ आली, चिकट, ओली, थेट माझ्या बोटांवर, आणि अळी गेली. दुसरी दिली. तिसरी दिली. एकूण नऊ. मोरीवर जाऊन तीनदा साबणाने हात धुतले आणि रडले.

अकराला फोन वाजला.

"मेजर जेवला?"

"आज जेवला. बारा दिवसांनी."

मग मी सगळं सांगून टाकलं, खोटं बोलले तेही, कागद, डॉक्टर, आजी, सगळं.

"पण कागद लावलास कशाला?" वन्सं म्हणाल्या.

"तोंड बघायला नको म्हणून."

"तुझ्यात खोट नाही गं, शीबाई," वन्सं हळूच म्हणाल्या. "येते किळस एखाद्याला. म्हणून तर मी तिकडे जाते म्हटलं. आज त्यांना सांगून टाकते."

"माझं ऐका आधी. आज त्याने माझ्या हातातून खाल्लं. बोटांना जीभ लागली त्याची. इतकी घाण वाटली की सांगता सोय नाही. उद्याही वाटेल. उद्याही भरवणार आहे. नर्सबाईंना सांगा, दुपारी शिकायला येते."

"नाक वर जाईल तुझं."

"जाईल. चालणार असेल तर बघा."

दुपारी नर्सबाईंनी मला हातमोजे दिले. वन्संनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि स्वतःच चादर बाजूला केली.

"शी," मी म्हणाले, आणि स्टूल जवळ ओढलं.