वुड हॅव म्हणजे काय

सरलाबाईंना इंग्रजी शिकायचं होतं ते नवऱ्याची जिरवायला. दुसरं कुठलंही उदात्त कारण नव्हतं.

चंद्रहासराव साताऱ्याच्या एका शाळेत इंग्रजीचे मास्तर. लग्नानंतर पहिल्याच वर्षी सरलाबाईंनी माहेरून मोठ्या हौसेनं त्यांना इंग्रजीत पत्र लिहिलं. ते लाल शाईत न्हाऊन परत आलं, वर दहापैकी दोन गुण. मास्तरांनी ते शाळेत सहकाऱ्यांना वाचूनही दाखवलं होतं, हे पुढे कळलं. त्यानंतर पंचेचाळीस वर्षं घरी कुणी आलं की मास्तर हसत सांगायचे, आमच्या हिच्या डोक्यात ते शिरायचं नाही. सरलाबाई चहा पुढे करायच्या आणि मनात दात-ओठ खायच्या.

दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत त्या तीन महिन्यांसाठी मुलाकडे, प्रणवकडे, परदेशात झूटरमेरला आल्या. मार्चात विमानं बंद पडली. पुढे अडकलेल्यांसाठी खास विमानं सुटू लागली, तेव्हा प्रणव म्हणाला की या वयात असा प्रवास धोक्याचा. धोका खरा होताच. पण नवरा-बायको दोघांच्या मीटिंगा घरातून, त्यांची सात वर्षांची लेक अश्लेषा दिवसभर घरात, आणि तिला सांभाळून पोळ्या कोण लाटणार, हेही तितकंच खरं होतं. त्यानं आईचं नाव यादीत घातलंच नाही.

कोर्स सुनेनं, नीरजानं लावून दिला. ऑनलाइन, साठ धडे, 'ए, अ‍ॅन, द'पासून थेट अ‍ॅडव्हान्सपर्यंत. आईंच्या कानाला हेडफोन लागला की भाजीत गूळ घालू का हे विचारायला त्या मीटिंगमध्ये डोकावत नाहीत, एवढाच तिचा मतलब. सरलाबाईंना मात्र घबाड मिळालं. एकोणीस जुलैला मास्तरांना पंचाहत्तर पूर्ण होणार होती. त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर, सगळ्या नातेवाइकांसमोर, त्या पाच वाक्यं बिनचूक इंग्रजीत बोलणार होत्या. मग बघू कुणाच्या डोक्यात काय शिरतं ते.

वाट सोपी नव्हती. आजोबांवर वाक्य कर, असं अश्लेषानं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "दे आर इन सातारा." नवऱ्याला 'ते' म्हणायची जन्माची सवय. मला आजोबा आहेत तरी किती, असं मराठी जेमतेमच कळणाऱ्या नातीनं इंग्रजीत विचारलं. प्रणवनं समजावलं की एकाच माणसाला 'ही' म्हणतात. "ह्यांना 'ही' म्हणू?" सरलाबाईंनी विचारलं आणि मुलगा-सून टेबलावर हात आपटून हसले. पुढच्या शनिवारी मित्रांच्या झूम कॉलवर प्रणवनं तो किस्सा साभिनय सांगितला. त्या मागे उभं राहून भांडी पुसत होत्या, कॅमेऱ्यात दिसतही होत्या. पोटच्या पोराला बापाची गादी चालवताना पाहून त्यांना रडू आलं नाही, संताप आला. दुसऱ्या दिवशी त्यांनी एकदम तीन धडे उरकले.

जूनच्या शेवटी मास्तरांना ताप आला आणि पुतण्यानं त्यांना दवाखान्यात नेलं. वॉर्डात फोन चालत नाही, पण बाबा बरे आहेत, असं प्रणव रोज सांगायचा. सरलाबाई देवापुढे दिवा लावायच्या आणि पाच वाक्यं घोकायच्या. अठ्ठेचाळिसाव्या धड्यापर्यंत मजल गेली.

त्या सोमवारी सगळे जेवायला बसले होते. सरलाबाईंपासून काही लपवायचं असलं की नवरा-बायको इंग्रजीत बोलायचे. स्वतःच त्यांना शिकायला बसवलं होतं, पण त्या शिकतील असं दोघांच्याही मनात कधी आलं नाही. नीरजा आमटी वाढून घेत प्रणवला म्हणाली, "ही वुड हॅव बीन सेव्हन्टी-फाइव्ह धिस सन्डे."

सरलाबाईंचे डोळे लकाकले. सून चुकली होती. आयटीतली सून, आणि चुकली.

"ही विल बी," त्या म्हणाल्या. "वुड हॅव कसं चालेल? आजच शिकले मी. जे घडायचं होतं, पण घडलं नाही, आणि आता कधी घडणारही नाही, तिथेच वुड हॅव."

कुणी हसलं नाही. नीरजानं पळी भांड्यात ठेवली. प्रणव ताटाकडे बघत राहिला. तेव्हा कुठे सरलाबाईंना स्वतःचंच वाक्य ऐकू आलं.

"आई, तुला त्रास झाला असता," प्रणव म्हणाला. "तिकीट मिळालं नसतं, मिळालं असतं तरी अंत्यदर्शन नव्हतंच. दोन तारखेला गेले. सगळं नगरपालिकेनंच केलं."

अकरा दिवस. त्यांनी बोटांवर मोजले. पाच तारखेला अश्लेषाच्या वाढदिवसाला त्यांनी तिथल्या चक्क्यासारख्या क्वार्कचं श्रीखंड आणि पुऱ्या केल्या होत्या. हा बापाच्या सुतकात दोनदा वाढून घेत होता.

हंबरडा फुटेल असं दोघांना वाटलं असावं. नीरजा उठून जवळ आली, तिचा हात त्यांनी बाजूला सारला. दुःख होतं, पण त्याच्यावर चढून दुसरंच काही बसलं होतं. ज्याच्या कानावर घालायची ती वाक्यं, तो कानच उरला नव्हता. मास्तर मेले ते जिंकूनच मेले. आणि हे ठाऊक असूनही पोरानं आईला अकरा दिवस घोकत बसू दिलं.

"मराठीत सांगू नकोस," त्या म्हणाल्या. "ज्या भाषेत लपवलंस त्याच भाषेत सांग. पूर्ण वाक्यात."

"आई, अश्लेषा बसलीय इथे."

"तिला कळेल अशा भाषेत सांग."

प्रणवनं नीरजाकडे पाहिलं. मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "माय फादर डाइड ऑन द सेकंड ऑफ जुलै. आय डिड नॉट टेल माय मदर."

पोरगी एकदा बापाकडे, एकदा आजीकडे बघायला लागली.

"पुन्हा," सरलाबाई म्हणाल्या.

त्यानं पुन्हा म्हटलं. त्यांनी आवाज मोठा कर म्हणून सांगितलं, त्यानं केला. तिसऱ्यांदा तो 'फादर'वर अडला, तेव्हा त्यांनी सुरुवातीपासून म्हणायला लावलं. अश्लेषाला आता सगळं कळलं होतं आणि ती हुंदके देत आईच्या कुशीत शिरली होती. नीरजा हात जोडून पुरे म्हणाली. सरलाबाई आपल्या खुर्चीत ताठ बसून होत्या.

"पुन्हा," त्या म्हणाल्या.